नाबर सरांचं दोनास एक

नाबर सरांसमोर एक वाक्य उच्चारायला सक्त मनाई होती. "त्या काळी लोक असेच होते." चुकून कोणाच्या तोंडून निघालंच, तर सर हातातला कप खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कोण लोक? जरा नावं सांग पाहू." समोरचा गडबडला की पुढे, "ज्यांना साखळदंड घालून बाजारात विकलं, ते त्या काळचे नव्हते का? त्यांना विचारलं असतंस, तर तेही म्हणाले असते की हो बुवा, चाललंय ते ठीकच चाललंय?" मग कप उचलून चहा प्यायचे. तोवर चहा गार झालेला असायचा, आणि त्याचं खापरही समोरच्याच्याच डोक्यावर.

माझी त्यांची पहिली भेट या वाक्यावरूनच झाली. इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसला, एका मैत्रिणीच्या मुलीचा वाढदिवस होता. पेशवाईतली कुठलीशी गोष्ट निघाली आणि मी आपली बटाटेवडा खाता खाता ते वाक्य टाकलं. माझ्या हातातला वडा तसाच राहिला आणि वीस मिनिटं मी बोलणी खाल्ली. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "कोण हे आजोबा? आगाऊच आहेत की!" दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तेच आजोबा. आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या तीन मजले वर, मुलीकडे राहायला आलेले.

सर मुंबईच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. अमेरिकेला मात्र कधीच गेले नव्हते. "बोलावलं नाही कोणी, आणि आगंतुकासारखं जायची मला सवय नाही," असं म्हणायचे. पत्नी वारल्यावर मुलीने त्यांना सिंगापूरला आणलं. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, पण तिकडची बोली कळायची तेवढी, बोलता यायची नाही. बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि सँडलमध्ये मोजे. इथल्या उकाड्यात मोजे! मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वर्गात कोणी माझ्या पायांकडे बघत बसू नये म्हणून." आता वर्ग कुठला आणि काय! पण वर्ग होता, हे मला नंतर कळलं.

ते नवे होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मी, माझी मुलगी ईरा आणि सर हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. खच्चून गर्दी. हातात ट्रे घेऊन आम्ही उभे, आणि टेबलं मात्र रिकामी. म्हणजे माणसं नाहीत, पण प्रत्येक खुर्चीसमोर टिश्यूचा एकेक पुडा. सरांनी विचारलं, "हे काय प्रकरण आहे?" ईरा म्हणाली, "चोप केलंय, सर. पुडा ठेवला की सीट धरली. दॅट्स हाऊ इट वर्क्स लाह." सर सरळ एका पुड्यासमोर जाऊन बसले. त्याला वाकून नमस्कार केला आणि शुद्ध इंग्रजीत विचारलं, "आपण कोणातर्फे आलात?" शेजारचे चिनी आजोबा खो खो हसायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात पुड्याची मालकीण आली, ऑफिसातली एक तरुण मुलगी. सर उठून उभे राहिले आणि तिला म्हणाले, "तुमच्या प्रतिनिधीने जागा चोख सांभाळली. एकदाही मत मांडलं नाही." ती बिचारी इतकी गोंधळली की तिने आम्हाला तिच्याच टेबलावर जागा दिली.

तर असे सर. एकच खोड होती, सगळीकडे विचारायचे, "मोजलं कोणी? आणि मोजल्याचा लाभ कोणाला?" सोसायटीच्या सर्वेक्षणाचा कागद दारात आला तरी, आणि ईराच्या शाळेत 'ऐंशी टक्के पालक समाधानी' असं पत्रक आलं तरी. मला राग यायचा. आपण दिवसभर पाया लेबार भागातल्या ऑफिसात बँकेच्या सॉफ्टवेअरशी डोकेफोड करून यायचं आणि लिफ्टमध्ये हे उलटतपासणी घेणार! पण खरं सांगते, ते लिफ्टमध्ये नसले की चुकल्यासारखंही वाटायचं.

वर्ग भरायचा शनिवारी सकाळी, ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, जिला इथे सगळे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे बुद्धिबळाचे पट कोरलेली दगडी टेबलं आहेत. ईरा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत जात होती आणि तिला इतिहासाचं नाव काढलं की जांभया यायच्या. मी सरांना विचारलं, शिकवाल का. म्हणाले, "माझा पास पाहुण्याचा. फी घेतली तर सरकार मला विमानात बसवेल. आणि फुकट शिकवलं तर तुम्ही लोक मला किंमत देणार नाही. म्हणून फी एकच. दर वेळी येताना एक प्रश्न आणायचा, पुस्तकात नसलेला." ईराबरोबर आणखी चार पोरं जमली. प्रश्न नाही आणला, तर पोराला खरंच परत वर पाठवायचे. पोरगं लिफ्टमध्ये विचार करून प्रश्न घेऊन खाली यायचं.

त्यांचा एक ठरलेला सापळा होता. तो मी स्वतः पाहिला, भाजी घेऊन येताना खांबाआड उभी राहून.

सरांनी आधी गोष्ट सांगितली. अमेरिका नुकती स्वतंत्र झालेली. तेरा राज्यांपैकी बारांची माणसं ऐन उन्हाळ्यात, दारंखिडक्या लावून, राज्यघटना लिहायला बसलेली. कायदेमंडळात कुठल्या राज्याच्या किती खुर्च्या, हे लोकसंख्येवर ठरणार. आता दक्षिणेकडच्या राज्यांत लाखो माणसं गुलाम. त्यांना मत नाही, जमीन नाही, स्वतःचं लेकरूसुद्धा स्वतःचं नाही, मालकाला वाटलं तर उद्या विकेल. "मग त्या माणसांना लोकसंख्येत धरायचं की नाही? एक बाजू म्हणाली, पूर्ण धरा. दुसरी म्हणाली, मुळीच धरू नका. बोला, पूर्ण धरा असं कोण म्हणालं?"

"नॉर्थ लाह, सर," ईरा म्हणाली. "ते गुलामीच्या अगेन्स्ट होते ना. दे वेअर द गुड गाईज."

"सगळ्यांना मान्य?"

पाचही हात वर. सर असे खुलले की काय सांगू! "चूक! पाचही जण चूक! पूर्ण धरा असं म्हणाले ते मालक. कारण जितकी डोकी मोजली जातील, तितक्या खुर्च्या मालकांना. शेवटी तोड निघाली, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. आणि त्या उसन्या डोक्यांवर मालक कितीतरी वर्षं दिल्लीत, म्हणजे तिकडच्या दिल्लीत, वरचढ होऊन बसले. मोजणं म्हणजे मान देणं नव्हे, पोरांनो. आणि उत्तरवाल्यांनाही संत समजू नका. बहुतेकांना कळवळा खुर्च्यांचा होता. दोन्ही बाजू कडकडून भांडल्या. पण ज्यांच्यावरून भांडल्या, त्यांच्यातला एकही माणूस त्या खोलीत नव्हता."

मी भाजी घेऊन वर गेले. त्या दिवशी मला सर फार मोठे वाटले, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते आजही मला खरं वाटत नाही.

आता आमच्या मराठी मंडळाविषयी सांगायला हवं. मोठं काही नाही, शंभर-सव्वाशे घरांचं मंडळ, आणि मी त्याची सेक्रेटरी. सर मला 'सेक्रेटरीबाई' म्हणायचे ते त्यामुळे. वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे गणेशोत्सव, भाड्याच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी. मंडळात दोन तट. पूर्वेकडचे, म्हणजे टॅम्पिनीसच्या बाजूचे, सगळे आयटीवाले. त्यांचे पुढारी दामले. पश्चिमेकडचे, चोआ चू कांगच्या बाजूचे, त्यांचे पुढारी कारखानीस. पश्चिमेकडे घरं कमी. पण तिकडे जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम करणारी आपली माणसं होती, चाळीसेक. बहुतेक कोकणातली, वेल्डर, फिटर, रिगर. डॉर्मिटरीत राहणारी. त्यांचे म्होरके सावंत, पन्नाशीचे, अकरा वर्षं त्याच यार्डात. मंडळाने त्यांना 'सहयोगी सभासद' केलं होतं. म्हणजे यावं, गणपतीचा सांगाडा उभारावा, मखर बांधावं. मत मात्र नाही. का, तर वर्क परमिटवाले, आज इथे उद्या तिथे.

कार्यकारिणीत कुठल्या बाजूच्या किती जागा, यावरून त्या वर्षी जुंपली. कारखानीस म्हणाले, "जागा सभासदांच्या संख्येवर द्या, आणि यार्डातले आमचे सगळे मोजा." दामले म्हणाले, "ज्यांना मत नाही त्यांना मोजायचं कशाला?" उत्सव सहा दिवसांवर आला आणि कारखानीसांनी वेगळं मंडळ काढायची धमकी दिली. दोन गणपती बसणार, अशी वेळ. मग दोन्ही बाजू म्हणाल्या, सरांना बोलवा. त्यांच्याइतका तटस्थ आणि जाणता माणूस दुसरा कोण?

हॉलच्या वरच्या खोलीत रविवारी बैठक झाली. सर तीन तास शांतपणे ऐकत होते. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, "जागा ठरवताना दोन सहयोगी सभासद मिळून एक सभासद धरावा." खोलीत टाळ्या! कारखानीस खूश, दामलेही बऱ्यापैकी खूश. मी ते कलम तिथल्या तिथे टाइप केलं आणि ठळक केलं. सरांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की मंडळ फुटता फुटता वाचवलं. खोलीत दोन बाजू होत्या आणि दोन्हींचं समाधान झालं होतं. आणि खाली हॉलमध्ये सावंत आणि त्यांची माणसं पाइपांचा सांगाडा उभारत होती. ठोकाठोकीचा आवाज येतो म्हणून दार लावून घ्यायला मीच सांगितलं होतं.

तीस वर्षं तेच शिकवणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? मी तर खांबाआडून अख्खा धडा ऐकला होता.

बोलली ती ईरा. उत्सव झाल्यावरच्या शनिवारी ती वर्गाला गेली आणि फीचा प्रश्न ठेवला. मी घरातच होते, पण तिने वर येऊन शब्दन् शब्द सांगितला. तिने विचारलं होतं, "सर, सावंतकाका मंडळात हाफ काऊंट होतात ना? मग त्यांच्या हाफची सीट कोणाला मिळते?"

सर म्हणे उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मग एकदम कडाडले. "ही तुलनाच चूक आहे! गुलामगिरी म्हणजे काय खेळ वाटला? माणसं विकत होते, माणसं! आईच्या कुशीतून पोरं ओढून नेत होते. त्याची बरोबरी गणपतीच्या कमिटीशी करतेस? वर्ग संपला." आणि खरंच निघून गेले. ईरा रडत रडत वर आली. "आय ओन्ली आस्क्ड, मम्मा."

चार दिवस सर खाली उतरले नाहीत. लिफ्टमध्येही दिसले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. "सेक्रेटरीबाई, जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं आहेत का? मी तुमच्या ऑफिसखाली बसलोय." टॅम्पिनीसहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकटे आले होते. समोर बिनसाखरेची काळी कॉफी, न प्यायलेली. एरवी तिला मोठ्या ऐटीत 'कोपी ओ कोसोंग' म्हणून मागवायचे.

"तुमच्या मुलीला सांगा," ते म्हणाले, "तुलना चूक आहे हे माझं म्हणणं कायम आहे. सावंतांना कोणी विकत घेतलेलं नाही. ते उद्या काम सोडून गावी जाऊ शकतात. त्या काळच्या माणसांच्या हालअपेष्टा इतक्या स्वस्त करायच्या नाहीत. पण माझी चूक तुलनेत नाहीच, कलमात आहे. मी एका माणसाचं डोकं मोजून दुसऱ्याला खुर्ची दिली. तीस वर्षं फळ्यावर ज्याला लबाडी म्हणत आलो, ती मी स्वतःच्या अक्षरात लिहिली. आणि वर टाळ्या घेतल्या." मग म्हणाले, "पाच आणि तीन लिहिलं असतं तर लगेच उमगलं असतं हो. मी मेल्याने दोन आणि एक लिहिलं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सत्तरीच्या माणसाने चौदा वर्षांच्या पोरीचं ऐकून असं यावं, हे मी आधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पुढच्या वर्षी हळूच बदलू."

"हळूच?" कप आपटला त्यांनी. "टाळ्या काय हळूच घेतल्या होत्या?"

त्याच रविवारी ते सावंतांना भेटायला निघाले आणि मला बरोबर नेलं. पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या टोकापर्यंत, तासाभराहून जास्त. सर सगळा वेळ मनात भाषण जुळवत होते, ओठ हलताना दिसत होते. डॉर्मिटरीबाहेरच्या कँटीनमध्ये सावंत भेटले. धुतलेला शर्ट, केस ओले, आणि आम्हाला बघून संकोचलेले. सरांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं, कलम, चूक, माफी, सगळं.

सावंतांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमका ठावक होता, सर. दोघांचो मिळान एक. कोणीतरी वॉट्सॲपवर टाकलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाकडे बोलतलंव? आमी मंडप घालतंव, आमीच काढतंव. घालूचो एका रविवारी, काढूचो दुसऱ्या रविवारी. मधलो गणपती आमी कधी बघूकच नाय."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मान खाली गेली. यार्डाला सुट्टी फक्त रविवारची. शनिवारी रात्रीपर्यंत काम. आणि आमचा उत्सव शनिवारचा, कारण रविवारी आम्हाला निवांत झोपायचं असतं. सहा वर्षं त्यांनी मखर बांधलं आणि एकदाही आरती पाहिली नाही. आम्ही प्रसादाचे डबे पाठवायचो आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

सर ताडकन म्हणाले, "मी उत्सव रविवारी करायला लावतो. मी मागतो. माझा शब्द कोणी खाली पडू देणार नाही."

सावंतांनी मान हलवली. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नको, सर. तुमी मागू नकात. आमकाच मागूक द्या."

परतीच्या गाडीत टॅम्पिनीस आल्यावर सर उठता उठता म्हणाले, "मी तीस वर्षं शिकवलं ते या माणसाने एका वाक्यात संपवलं." त्यांना ते लागलंही होतं. खोटं कशाला बोलू, आपण देऊ केलेली मदत कोणी नाकारली की सरांना लागायचं.

वार्षिक सभेत सरांनी ठराव मांडला. सहयोगी वगैरे काही नाही, सगळे सारखे सभासद, एका माणसाला एक मत, आणि ते कलम रद्द. दामले उभे राहिले. "सर, कलम तुम्हीच तर लिहिलंत!"

"हो. म्हणूनच दुसऱ्या कोणाला त्रास न देता मी ते फाडायला आलोय."

कारखानीसही विरोधात. साहजिक होतं. यार्डातल्यांना मत दिलं तर त्यांच्या नावावर मिळालेल्या खुर्च्या कारखानीसांकडे थोड्याच राहणार होत्या! सर टाळी वाजवून म्हणाले, "बघा, दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. या मंडळात माझ्या हातून एवढं तरी झालं."

कोणीतरी मागून ओरडलं, "अहो सर, ती माणसं टेम्पररी आहेत!"

"सावंत इथे अकरा वर्षं आहेत," सर म्हणाले. "दामले, तुम्ही?"

"चार."

"मी दोन. आणि माझा पास पाहुण्याचा. तुमचा पास तरी काय सातबारा आहे? कंपनीने उद्या नारळ दिला तर महिन्याभरात बॅगा भरायच्या. या खोलीत कायमचा कोण आहे, त्याने हात वर करावा." एकही हात वर झाला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी जाणता म्हणून तुम्ही मला बोलावलं आणि मी चुकलो. ज्यांच्याविषयी ठरवत होतो ते खाली काम करत होते आणि मला त्यांना वर बोलवायचं सुचलं नाही. एवढंच सांगायचं होतं. आता मतं घ्या."

हात मोजायचं काम माझं. दोनदा मोजले, चूक नको म्हणून. बाजूने एकतीस, विरोधात एकोणतीस. त्या एकतिसात एक हात माझा होता आणि एक दामलेवहिनींचा. नवऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्याकडे न बघता वर केलेला. दामले पुढे आठवडाभर घरचा डबा न आणता बाहेर जेवत होते, असं ऐकलं.

नव्या नियमाने निवडणूक झाली आणि सावंत निवडून आले. सगळ्या सभासदांच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी मागितलं, उत्सव रविवारी, सकाळपासून. ते मंजूर झालं. पण त्याबरोबर दुसरंही मागितलं, आणि इथे खरी गंमत झाली. सर आल्यापासून उत्सवात त्यांचं तासाभराचं व्याख्यान असायचं. सरांचा तो जीव की प्राण. त्या वर्षी तर विशेष, कारण त्यांच्या मुलीची बदली झाली होती आणि उत्सवानंतर दोनच दिवसांनी सर कायमचे मुंबईला परतणार होते. निरोपाचं व्याख्यान त्यांनी केव्हाचं लिहून ठेवलं होतं. सावंत म्हणाले, तो तास भजनाला हवा. यार्डातल्यांच्या दोन मंडळ्या होत्या, डबलबारी करायची होती, एकीने म्हणायचं आणि दुसरीने उत्तर द्यायचं. यार्डातल्या पोरांना व्याख्यान कळत नाही.

मला वाटलं, सर हसून होकार देतील. छे! सर असे उसळले. दहा मिनिटं भांडले. उत्सव म्हणजे नुसता टाळकुटेपणा नव्हे, विचार हवा, परंपरा आहे, काय काय बोलले. ज्यांना मत मिळावं म्हणून जिवाचं रान केलं, त्यांच्यासमोर हा माणूस स्वतःच्या एका तासासाठी लहान मुलासारखा भांडत होता. मतं घेतली. सर सपशेल आपटले. यार्डातलं एकही मत त्यांना पडलं नाही.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "सर, वाईट वाटलं?"

"वाटणारच! हरलोय मी. तुम्हाला काय वाटलं, मला आनंद होईल? मिनिट्समध्ये नीट लिहा, नाबर यांनी कडाडून विरोध केला. 'कडाडून' शब्द गाळू नका."

रविवारी उत्सव झाला. हॉल भरून वाहत होता. पांढरे शर्ट घातलेली ती चाळीस माणसं आरतीला पुढे उभी होती. इतकी वर्षं बांधलेल्या मखरात गणपती कसा दिसतो, हे ती पहिल्यांदा पाहत होती. एक जण मोबाईल उंच धरून गावाकडे आईला दाखवत होता. मग डबलबारी झाली, आणि ती अशी रंगली की कारखानीसही मांडीवर ताल धरून बसले. सर मागच्या रांगेत, हाताची घडी घालून, गाल फुगवून. पण उठून गेले नाहीत.

पाचच्या सुमाराला आम्ही सगळे स्टेशनवर आलो. सावंतांची गाडी पश्चिमेला, आमची पूर्वेला. सर परवा जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. यार्डातली माणसं एकेक करून त्यांच्या पाया पडली. सावंत शेवटी राहिले. मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडणार.

सर म्हणाले, "अर्धा तास तरी द्यायला हवा होतात. अन्याय झाला हा."

"पुढल्या वर्षी परत मांडा, सर," सावंत म्हणाले.

"मी नसणार पुढल्या वर्षी."

"मगे पत्रान मांडा. आमी परत पाडतलंव. नीट मोजून पाडतलंव."

सर असे हसले, असे हसले, की गेटवरचा गणवेशातला माणूस वळून बघायला लागला. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, परत घातला आणि लगेच म्हणाले, "पण तुमचा मुद्दाच मुळात चूक होता."

ईरा भुकेली होती म्हणून आम्ही पुढे निघालो. नंतर सर मुंबईला गेले आणि वर्षाच्या आत तिथेच झोपेत गेले. आम्हाला फोनवर कळलं. त्या दिवशी ईरा तिच्या खोलीतून संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. सरांचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत, हार घातलेले, माईकसमोरचे. पण मला सर आठवतात ते सरकत्या जिन्यावरून मागे वळून पाहिलेले. गर्दी दोन्ही बाजूंनी जात होती आणि मधोमध सर बोट नाचवून सावंतांना काहीतरी ठासून सांगत होते. आणि सावंत, जे एका वर्षापूर्वी कँटीनमध्ये आमच्यासमोर खुर्चीवर बसायलाही संकोचले होते, तेही तितक्याच जोरात बोट नाचवून सरांना सांगत होते, की नाही, तुमचंच चुकतंय.